डिप्लोमानंतर कोणते कॉलेज?

या महिन्याच्या टपालात इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या एका भगिनीचे पत्र आहे. त्यांच्या मुलीने दहावीनंतर कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण केला. गुण ८४ टक्के. आता तिला इंजिनीअरिंगच्या पदवीला जायचे आहे. भगिनी लिहितात, "मुलगी म्हणते पुण्याला जायचे. तिचे चुलते म्हणतात, बारामती जवळ आहे, एसटीने रोज जाऊन येईल. ओळखीच्या एकाने खासगी विद्यापीठाचे नाव सुचवले, तिथे म्हणे लगेच प्रवेश होतो. धाकटा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला आहे. आमच्या गॅरेजच्या कमाईतून पैसा एकदाच लावता येईल. तो कुठे लावावा?"

हा प्रश्न एका घराचा नाही. बारावी सायन्सच्या क्लासची फी झेपत नाही, डिप्लोमा झाला की निदान हातात काम येते, असा हिशेब करून आपल्याकडची पुष्कळ मुले-मुली दहावीनंतर पॉलिटेक्निकला जातात. बारामतीच्या एमआयडीसीत, वालचंदनगरच्या कारखान्यात डिप्लोमावाल्यांना काम मिळालेले सगळ्यांनी पाहिलेले असते. मग मूल हुशार निघते, गुण चांगले पडतात आणि पदवीचा विचार पुढे येतो. अमेरिकेत अशीच एक वाट आहे. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात कमी खर्चात दोन वर्षे शिकायचे आणि मग विद्यापीठात पुढच्या वर्गात जायचे. आपल्याकडची तशी वाट म्हणजे डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. तिकडे काय आणि इकडे काय, मुलाची अडचण बहुधा प्रवेश घेताना होत नाही. प्रवेश झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत होते. म्हणून कॉलेज निवडताना त्या सहा महिन्यांचा विचार आधी करावा, असे माझे सांगणे आहे. ते का, हे क्रमाने पाहू.

जागा किती असतात

थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला सीईटी लागत नाही. डिप्लोमाच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. किमान ४५ टक्के गुण हवेत, राज्यातील मागास प्रवर्गांना आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ४० टक्के. ही प्रक्रिया राज्याच्या सीईटी कक्षामार्फत ऑनलाइन चालते. तिलाच आपण कॅप म्हणतो.

जागांचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. कॉलेजच्या मंजूर संख्येच्या १० टक्के जादा जागा डिप्लोमावाल्यांसाठी असतात. शिवाय पहिल्या वर्षाला ज्या जागा रिकाम्या राहिल्या, त्याही मिळतात. आता पाहा. नावाजलेल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जागा रिकामी राहत नाही. म्हणजे साठच्या वर्गात उरल्या सहा जागा, आणि त्यातही आरक्षणाची विभागणी. म्हणून पुण्याच्या सीओईपीत कॉम्प्युटरची यादी नव्वदीच्या बरीच पुढे थांबते. उलट जिथे पहिल्या वर्षाला निम्मा वर्ग रिकामा राहिला, तिथे डिप्लोमावाल्याला सहज जागा मिळते. सहज मिळालेली जागा वाईटच, असे म्हणू नये. पण ती सहज का मिळाली, एवढे विचारावे. पहिल्या वर्षाचा वर्ग का भरला नाही, प्राध्यापक पुरेसे आहेत का, ती शाखा आणखी किती वर्षे चालणार आहे, हे कॉलेजात जाऊन विचारता येते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. डिप्लोमा ज्या शाखेचा, पदवीही त्याच शाखेची घ्यावी लागते असे नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे कोणत्याही शाखेचा डिप्लोमा चालतो. तेव्हा ८४ टक्क्यांवर शासकीय कॉलेजात कॉम्प्युटर मिळाले नाही, तर तिथेच दुसरी शाखा घ्यायची की खासगी कॉलेजात कॉम्प्युटर घ्यायचे, हा विचार घरात आधीच व्हावा. माझे मत विचाराल तर मुलीचे मन ज्या विषयात आहे तो सोडू नये. तीन वर्षे अभ्यास तिला करायचा आहे.

प्रवेश कोणत्या वाटेने होतो

ओळखीच्या माणसाने सुचवलेल्या खासगी विद्यापीठाबद्दल आधी लिहितो, कारण पैशाचा सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

२०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींसाठी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना हा लाभ मिळतो. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर मिळत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठे या योजनेत नाहीत. म्हणजे "लगेच प्रवेश" घेतला की ही माफी गेली. ती विद्यापीठे स्वतःची शिष्यवृत्ती देतात, फीमध्ये सूट देतात. ती पहिल्या वर्षापुरती आहे की तिन्ही वर्षे, किती गुण पडले की बंद होते, हे लेखी मागावे. तोंडी आश्वासनावर घरातले सोने मोडू नये.

माफी म्हणजे सगळे फुकट, असेही समजू नका. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तके, लॅपटॉप हे सगळे घरालाच पाहावे लागते. मुलींसाठी तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, एका घरातील दोन मुलींपर्यंत, आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीही अर्ज करू शकतात. मात्र ती ठरावीक संख्येनेच मिळते आणि दोन योजनांचे पैसे एकदम मिळतील असे धरून चालू नये. हिशेब करताना न मिळणारी रक्कम शून्य धरावी. मिळाली तर अल्लाहचा शुक्र.

व्याजाचे कर्ज टाळणारी घरे आपल्यात बरीच आहेत. त्यांनी तर हा हिशेब एका वर्षाचा न करता तीन वर्षांचा करावा. पहिल्या वर्षी उधार-उसनवार होते, नातेवाईक मदत करतात. तिसऱ्या वर्षी ते दार पुन्हा ठोठावता येत नाही. कागदाच्या एका बाजूला तीन वर्षांचे शुल्क, राहणे, खाणे, प्रवास लिहा. दुसऱ्या बाजूला गॅरेजमधून दरमहा खात्रीने निघू शकेल ती रक्कम लिहा. धाकट्या मुलाचे पुढच्या वर्षीचे शिक्षण त्याच कागदावर लिहा. मग कोणते कॉलेज परवडते, हे वादावादीशिवाय दिसते.

कॉलेजबरोबर विद्यापीठही येते

आपण कॉलेजचे नाव पाहतो आणि पदवी कोणाची मिळणार हे विसरतो. आपल्या भागातली काही कॉलेजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली असतात, काही लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी. काही कॉलेजांना स्वायत्तता आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची स्वतःची, पदवी विद्यापीठाची. १८५४ साली सुरू झालेले पुण्याचे सीओईपी २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ आहे. सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ चे आहे. ज्या शेठ वालचंदांच्या नावाने आपले वालचंदनगर आहे, त्यांचेच नाव त्या कॉलेजला आहे. ते अनुदानित आणि स्वायत्त आहे. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, आंबेगाव तालुक्यातील अवसरीचे २००९ चे. मुलींसाठीच असलेले कॉलेज हवे, तर पुण्यात १९९१ पासून कमिन्स कॉलेज आहे. १८७४ पासून काम करणाऱ्या अंजुमन-ए-इस्लामचे मुंबईत भायखळ्याला साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा अल्पसंख्याक संस्थांत आपल्या मुलांसाठी जागांचा वेगळा हिस्सा असतो, अर्जात तो पर्याय मात्र भरावा लागतो.

जवळ पाहायचे तर बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे कमलनयन बजाज अभियांत्रिकी, माळेगावला शिवनगर संस्थेचे, इंदापूरजवळ वनगळीला एस. बी. पाटील आणि भिगवणच्या अलीकडे-पलीकडे पाहिले तर स्वामी चिंचोलीला दत्तकला, अशी कॉलेजे आहेत. यांतले कोणते चांगले, कोणते नाही, हे मी इथून सांगणार नाही. शाखेगणिक आणि वर्षागणिक ते बदलते. ज्या शाखेला जायचे आहे, त्याच शाखेत तिसऱ्या वर्षाला असलेल्या, डिप्लोमातून आलेल्या दोन मुलींशी बोला. माहिती पुस्तिकेतल्या फोटोपेक्षा त्या दोघी जास्त सांगतील.

पहिले सहा महिने

त्या मुलींना एकच प्रश्न विचारायचा आहे. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात काय झाले?

कारण असे. डिप्लोमात गणित मुख्यतः पहिल्या वर्षात असते. पुढची दोन वर्षे प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, ट्रेनिंग यांत जातात. बारावीहून आलेली मुले पदवीच्या पहिल्या वर्षाला गणिताचे दोन पेपर देतात. त्यांत आंशिक अवकलन, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन, मल्टिपल इंटिग्रल हे सगळे येऊन जाते. डिप्लोमाची मुलगी हे दोन्ही पेपर न शिकता थेट दुसऱ्या वर्षात बसते. बऱ्याच शाखांना दुसऱ्या वर्षालाही पुढचे गणित असते. पाया नसताना त्यावर मजला चढवायचा असतो. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. वर्ग सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात, तेव्हा ही मुलगी पहिल्यांदा बाकावर बसते. डिप्लोमात ८४ टक्के मिळवलेल्या मुलीचा पहिल्याच सत्रात विषय राहतो. तिला वाटते, आपलीच बुद्धी कमी पडली. बुद्धी कमी पडलेली नसते. मधले वर्ष तिला कोणी शिकवलेले नसते.

याचा परिणाम पुढे नोकरीपर्यंत जातो. कॉलेजात येणाऱ्या पुष्कळ कंपन्या विषय राहिलेल्या मुलांना मुलाखतीला बसू देत नाहीत, आणि दहावी, डिप्लोमा, पदवी असे सगळे गुण एकत्र पाहतात.

तेव्हा कॉलेजला विचारायचे ते हे. डिप्लोमातून आलेल्यांसाठी गणिताचे जादा वर्ग घेता का? कोण घेते, कधी घेते? उशिरा प्रवेश घेणाऱ्यांचे बुडालेले प्रॅक्टिकल कसे भरून काढता? मागच्या वर्षी डिप्लोमातून आलेल्यांपैकी किती जण सगळे विषय सुटून तिसऱ्या वर्षाला गेले? तंत्रशिक्षण परिषदेने अशा मुलांसाठी गणितासारख्या विषयांचे पूरक वर्ग घ्यावेत असे सांगितले आहे. ते कागदावर आहेत की वर्गात, हे पाहावे. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जाईल, याची यादी 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आपल्याकडे अशी यादी तयार मिळत नाही. म्हणून आपणच दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून काय राहून गेले ते पाहायचे.

आणि कॉलेज ठरण्याची वाट न पाहता, डिप्लोमाची शेवटची परीक्षा संपल्यापासून प्रवेश होईपर्यंतचे दोन महिने पहिल्या वर्षाच्या गणिताला द्यायचे. पुस्तके जुनी मिळतात. गावात किंवा बारामतीत बी.एस्सी. गणित केलेले कोणी असेल, तर रोज एक तास मागा. हा खर्च सगळ्यात कमी आणि सगळ्यात उपयोगाचा.

जवळ म्हणजे किती जवळ

आता चुलत्यांचे म्हणणे. मुलगी घरून जाऊन-येऊन शिकेल, डोळ्यासमोर राहील, मेसचे पैसे वाचतील. त्यांची काळजी खोटी नाही. पण घड्याळ लावून पाहा. कळसहून निघून एसटीची वाट पाहणे, प्रवास, कॉलेजपर्यंत चालणे, आणि तेच परत. यात रोज तीन तास गेले, तर सहा दिवसांचे अठरा तास झाले. डिप्लोमाच्या वेळी तिने ते निभावले, कारण तो अभ्यास तसा होता. या पहिल्या सत्रात मात्र तिला नेमके तेच अठरा तास गणितासाठी हवे आहेत. संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून ती जादा वर्ग सोडून निघाली, तर जवळच्या कॉलेजचा फायदा काय?

म्हणून बारामतीला प्रवेश झाला, तरी निदान पहिले वर्ष वसतिगृहात ठेवता आले तर ठेवा. पुण्याला पाठवायचे असेल, तर कॉलेजच्या आवारातले मुलींचे वसतिगृह आहे का, थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलींना त्यात जागा मिळते का, हे आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी जागा पहिल्या वर्षालाच भरून जातात आणि मग उशिरा आलेल्या मुलीला बाहेर खोली शोधावी लागते. काही शासकीय संस्थांत अल्पसंख्याक मुलींसाठी बांधलेली वसतिगृहे आहेत, त्यांची चौकशी करा. आई-वडिलांनी एकदा स्वतः जाऊन खोली, मेस, रात्रीची वेळ पाहून यावी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, तेव्हा अम्मीने सोबत जायला हरकत नाही. मुलीने पाहिलेल्या आणि आईने पाहिलेल्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. दोन्ही उपयोगाच्या असतात.

कागद

आपल्या घरांत मुलांची जागा गुणांपेक्षा कागदांवरून जास्त जाते. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'शेख' आधी, आधारवर शेवटी. शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव एक, बँकेत दुसरे. अर्ज भरायच्या आठवड्यात हे सुटत नाही. नावात फरक असेल तर राजपत्रात बदल नोंदवण्याचे काम आजच सुरू करा.

तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादरी राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुनी महसुली नोंद. जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला हे सगळे वेगवेगळे कागद आहेत. ज्यांची बिरादरी यादीत नाही, त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढावे. एकाच घराला दोन्ही मिळत नाहीत. धाकटा मुलगा दहावीला आहे, तर त्याचेही कागद याच फेऱ्यात करून घ्या.

पसंतीक्रम

शेवटी अर्जातला पसंतीक्रम. लोक घाबरून सोपे कॉलेज वर लिहितात. तसे करू नये. मोठे कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि मिळाले नाही, म्हणून खालच्या पसंतीचे नुकसान होत नाही. नुकसान उलट बाजूने होते. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. मनात नसलेले कॉलेज वर लिहिले की तेच गळ्यात पडते. बाकी फेऱ्यांचे नियम त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत वाचून घ्यावेत, आणि अर्जाचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे न ठेवता मुलीकडेच ठेवावा.

तर भगिनी, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. खासगी विद्यापीठ बाजूला ठेवा, कारण सरकारची माफी सोडून पैसे भरण्याइतके त्यात काही विशेष दिसत नाही. कॅपचा अर्ज भरा. वरच्या पसंतीला पुण्याची आणि शासकीय कॉलेजे मुलीच्या मनाप्रमाणे लिहा, पण जिथे वसतिगृह मिळणार आहे तीच. त्याखाली बारामती-इंदापूरची, जिथे गणिताचे वर्ग खरोखर होतात ती. पुणे मिळाले तर काळजीने पाय मागे घेऊ नका. बारामती मिळाले तर मुलीला कमी मिळाले असे कोणी म्हणू नये. दोन्हीकडे तिला पहिल्या सहा महिन्यांत घरकामातून, पाहुण्यांतून आणि प्रवासातून मोकळी ठेवा. चुलत्यांनाही हा कागदावरचा हिशेब दाखवा. त्यांना पुतणीची काळजी आहे, त्यांना समजेल.

धाकट्याला बारावी सायन्स करायचे की बहिणीच्या वाटेने जायचे, हे त्याचे गुण आल्यावर लिहा. इन्शाअल्लाह, त्याही पत्राला उत्तर देईन.